लाव

पप्पांना झटका येऊन गेला त्यानंतर त्यांच्याकडे एकच शब्द उरला. लाव. दवाखान्यात तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा आई आणि मी एकमेकींकडे बघून हसलो होतो, कारण तोपर्यंत ते नुसतेच बघायचे किंवा घशातून आवाज काढायचे. डॉक्टर म्हणाले, एक आला म्हणजे पुढचे येतील. पुढचे आले नाहीत. उजवा हात, उजवा पाय आणि बाकीचे सगळे शब्द कुठेतरी मागे राहिले आणि तो एक शब्द घेऊन आम्ही बारामतीच्या दवाखान्यातून जळोचीच्या घरी आलो.

डॉक्टरांनी निघताना दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे, त्यांना सगळं कळतं. तुमचं बोलणं कळतं, आपल्याला काय म्हणायचंय तेही कळतं, फक्त म्हणायला गेलं की हाच शब्द बाहेर पडतो, आणि दर वेळी त्याला अर्थ असेलच असं धरून चालू नका. आईला हे पटलं नाही. ज्याला सगळं कळतं तो माणूस बिनअर्थाचं कशाला बोलेल, असं तिचं म्हणणं. दुसरी गोष्ट व्यायामाची. सुरुवातीचे महिने महत्त्वाचे. या महिन्यांत हात-पाय हलते केले तर होतील, नंतर शरीर आहे त्या अवस्थेला सरावतं.

आणि पप्पा व्यायाम करत नव्हते.

फिजिओच्या मॅडम रोज सकाळी स्कूटीवरून यायच्या. चांगल्या होत्या, आवाज न चढवता बोलायच्या. काका, मूठ उघडा. काका, माझा हात दाबा. पप्पा डाव्या हाताने उजवा हात उचलायचे आणि शालीच्या आत ओढून घ्यायचे, मग डोळे मिटून घ्यायचे. मॅडम थोडं थांबायच्या, आईशी दोन शब्द बोलायच्या आणि जायच्या. एकदा फाटकापाशी त्या मला म्हणाल्या, "असंच चाललं तर मी येऊन उपयोग नाही. त्यांच्या मनात काय आहे ते बघा." मी मान हलवली. त्यांच्या मनात काय आहे ते बघायचं कुठून, हे मला विचारता आलं नाही. मला पटकन काही विचारता येत नाही.

पप्पांची खाट हॉलमध्ये टाकली होती. आतल्या खोल्या अरुंद आहेत, संडास-बाथरूम हॉलला लागून आहे, आणि भेटायला येणाऱ्यांना बसायला सोफा हॉलमध्येच आहे. येणारे पुष्कळ होते. पप्पांनी आयुष्यभर निमगाव केतकीच्या रानात डाळिंब आणि भाजीपाला केला, त्यामुळे निमगावची माणसं, मार्केटातली माणसं, पूर्वी आम्ही माळेगावला राहत होतो तिथली शेजारची माणसं, सगळे आले. केळी आणि बिस्किटांचे पुडे घेऊन आले. सोफ्यावर बसून पप्पांसमोर पप्पांबद्दल बोलले. हात हलतोय का, तोंड जरा सरळ वाटतंय की, खातो का व्यवस्थित. आणि प्रत्येकजण निघायच्या आधी खाटेपाशी येऊन वाकून, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं मोठ्यानं विचारायचा, "तात्या, वळखलं का मला?"

पप्पा छताकडे बघायचे. मग म्हणायचे, लाव.

पाहुणे आमच्याकडे बघायचे. कुणीतरी उठून फॅन लावायचं.

मराठी हा आम्हाला शाळेत एक विषय होता, इतिहास-भूगोलासारखा. बाकी सगळं इंग्रजीत. त्यामुळे असेल, लावणे हे क्रियापद किती ठिकाणी जातं ते मला या दिवसांत पहिल्यांदा कळलं. फॅन लावतात. टीव्ही लावतात, दिवा लावतात, फोन लावतात. कपाळाला गंध लावतात आणि गुडघ्याला मलम लावतात. अंगाला साबण, भिंतीला रंग, पोराला शिकवणी, माणसाला जीव, सगळं लावतात. रोपं लावतात. आईने हे सगळं करून पाहिलं. उदबत्ती लावली. पाठीला पावडर लावली. निमगावला माझ्या आत्याला, म्हणजे पप्पांच्या थोरल्या बहिणीला, फोन लावून तो त्यांच्या कानाशी धरला. पलीकडून आत्या रडायला लागली तेव्हा त्यांनी मान फिरवली. कुंडीत तुळशीचं रोप लावलं आणि कुंडी खाटेपाशी आणून दाखवली. त्यांनी कुंडीकडे बघितलं, मग आईकडे, आणि डाव्या हाताने औषधाची वाटी उडवून दिली.

वाटी उचलताना आई म्हणाली, "देवानं शब्द ठेवायचाच हुता तर जरा बरा तरी ठेवायचा."

मी पुण्याच्या एका कंपनीत काम करते. गिऱ्हाईक चॅटवर तक्रार लिहितं, मी उत्तर देते. उत्तरं तयार असतात, त्यातलं एक निवडायचं. घरून करता येतं म्हणून मी जळोचीला परत आले होते आणि आतल्या खोलीत दार लावून बसत होते. दार लावून बसायची सवय शाळेपासूनची. त्यावरून मी आईची बोलणी पुष्कळ खाल्ली आहेत. आमच्याकडे दारं लावत नाहीत. विशेषतः पुढचं दार. ते सकाळी झाडून झालं की उघडतं, भिंतीच्या आकड्यात अडकवून ठेवतात आणि अंधार पडल्यावरच बंद होतं. त्यात पप्पांचा हात मोठा होता. रस्त्यानं जाणाऱ्याला ते आतूनच हाक मारायचे, चहा घ्यायला बोलवायचे. घरात दूध आहे की नाही, हे बघायची त्यांना सवय नव्हती.

सगळं लावून झालं आणि तरीही ते रोज, विशेषतः सकाळी मॅडम यायच्या वेळेला, तोच शब्द म्हणत राहिले. तेव्हा मला तो गेम आठवला.

हे माळेगाव बुद्रुकचं. मी प्राथमिक शाळेत होते. कारखान्याच्या रस्त्याला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या, कारण तिथून इंग्रजी शाळेची बस जात होती. बारामतीतला एक कॉम्प्युटर क्लास बंद पडला, तिथला एक जुना कॉम्प्युटर पप्पा घेऊन आले. माझ्या अभ्यासासाठी. अभ्यासाचं त्यात काही नव्हतं. कुणीतरी टाकलेला एक गेम तेवढा राहून गेला होता.

त्यात बंदुका नव्हत्या, गाड्या नव्हत्या. वरच्या अर्ध्या भागात चित्र, जाड जाड ठिपक्यांचं. समुद्रकाठचं एक गाव. तिथला घड्याळं दुरुस्त करणारा म्हातारा नाहीसा झालाय आणि निळा कोट घातलेला एक माणूस त्याला शोधायला आलाय. खालच्या भागात इंग्रजी शब्दांची पाटी. ओपन, क्लोज, पुश, पुल, गिव्ह, टॉक टू, यूज, असे. आधी एक शब्द दाबायचा, मग चित्रातली एक वस्तू दाबायची, की तो माणूस तसं करायचा किंवा हे मला जमणार नाही असं लिहून यायचं. सापडलेल्या वस्तू तो स्वतःजवळ ठेवायचा आणि त्या कधीतरी पुढे उपयोगी पडायच्या. बाटलीचं बूच, मेणबत्ती, मेलेला मासा. कशाचा कशाला उपयोग हेच शोधायचं असायचं.

पप्पांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. ते रानातून आले, हातपाय धुतले की माझ्या मागे स्टूल घेऊन बसायचे. मी वाचायची आणि सांगायची, काय करायचं ते ते ठरवायचे. त्या निळ्या कोटवाल्याचं नाव त्यांनी पाव्हणा ठेवलं होतं, कारण तो कुणाच्याही घरात न विचारता शिरायचा.

"ह्यो पाव्हणा लई चोर हाय," ते म्हणायचे. "चहा न्हाय पाणी न्हाय, नुसतं दिसंल ते उचलतोय."

यूज म्हणजे काय, असं त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. मी सांगितलं, वापर. किल्ली वापर कुलूप. त्यांनी विचार केला. "कुलपाला किल्ली वापरत्यात व्हय? लावत्यात." तेव्हापासून यूजला लाव म्हणायचं ठरलं. दोरीला आकडा लाव. मेणबत्तीला काडी लाव. सगळं जुळायचं. इंग्रजी शाळेत जाऊनही मला हे सुचलं नव्हतं, यावर ते आईपाशी बरेच दिवस हसले.

एका ठिकाणी आम्ही अडकलो. पाव्हण्याला दीपगृहात जायचं होतं, त्याला किल्ली लागणार होती, आणि किल्ली बंदरावरच्या कचेरीत आहे असं एक कोळीण सांगायची. कचेरीची खोली उघडीच. आत टेबल, कपाट, चूल, नकाशा. आम्ही सगळं हलवलं, ओढलं, ढकललं. सगळ्याला सगळं लावलं. चुलीला मासा लावला. नकाशाला बूच लावलं. दिवाळीची सुट्टी संपली, कारखान्याचं गाळप जोरात सुरू झालं, रस्त्यानं उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर यायला लागले, आणि पाव्हणा त्या खोलीतच उभा. तेव्हा घरी इंटरनेट नव्हतं. शाळेत कुणाला विचारायचं तर आधी कुणाशी तरी बोलावं लागलं असतं.

तर तो गेम. मला वाटलं, त्यांना तोच हवा असेल. लाव हा त्याच गेममधला शब्द, आमच्या दोघांतला. इतके दिवस आपल्याला कसं सुचलं नाही, असं वाटून मी जुने गेम नव्या लॅपटॉपवर चालवणारी सोय शोधली, तो गेम शोधला आणि एका संध्याकाळी, उजेड असतानाच, खाटेशेजारी स्टूल ओढून त्यावर लॅपटॉप ठेवला. आई स्वयंपाकघरात होती. मनातून मी जरा खूश होते, हे लिहायला हरकत नाही. उत्तर सापडलं की होतं तसं.

समुद्र आला, गाव आलं, निळा कोट आला. पप्पांच्या तोंडाची डावी बाजू थोडी हलली.

"पाव्हणा," मी म्हणाले. "ओळखलं का?"

म्हणाले आणि मलाच ते ऐकू आलं. सोफ्यावर बसणारे सगळे जे विचारत होते तेच मीही विचारलं होतं. पप्पांनी माझ्याकडे बघितलं, छताकडे बघितलं, आणि डाव्या हाताने स्टूल बाजूला लोटलं. जोरात नाही. लाव, ते म्हणाले. दमलेल्या आवाजात.

म्हणजे हेही नव्हतं.

मी लॅपटॉप मांडीवर घेतला आणि खाटेशेजारी खाली बसले. बंद करायचाही कंटाळा आला होता. त्या दिवसांत मला सगळ्याचाच कंटाळा आला होता. आईला चहा दे म्हणायचा, पप्पांचा पाय पुसायचा, चॅटवरच्या बाईला आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत असं लिहायचा. मी नुसतीच खेळत राहिले. वाट पाठ होती. पाव्हणा एकेक वस्तू उचलत गेला आणि बंदरावरच्या कचेरीत येऊन उभा राहिला. टेबल, कपाट, चूल, नकाशा, उघडं दार.

तिथे आम्ही कसे सुटलो होतो ते आठवून मला एकटीलाच हसू आलं. पप्पांच्या हुशारीनं नव्हतो सुटलो, माझ्याही नाही. त्या संध्याकाळी माळेगावला वारा होता आणि कारखान्याच्या धुराड्याची काजळी घरात येत होती. आईची भाकरी चालली होती, परातीतल्या पिठात काळे कण पडायला लागले. पप्पा माझ्या मागून म्हणाले, "दार लाव गं, राख येतीय." ते मला सांगत होते, घराचं दार लाव म्हणून. माझं सगळं लक्ष पडद्यावर. रोज त्या जागेवरून मागून आवाज यायचा आणि मी तसं करायची, तसंच केलं. पण दाराला यूज चालेना. मग दार लावणं म्हणजे क्लोज, एवढं डोक्यात आलं, आणि मी क्लोज दाबून कचेरीचं दार दाबलं. त्या पाटीवरचा तो एक शब्द आम्ही कधीच दाबला नव्हता. उघडी वस्तू बंद करायला कोण जाईल. दार बंद झालं आणि दाराच्या मागे, भिंतीला, खिळ्यावर किल्ल्यांचा जुडगा लटकत होता. दार उघडं होतं म्हणून तो इतके दिवस दिसला नव्हता.

पप्पांनी मला काखेत धरून वर उचललं होतं. पिठात राख पडतच राहिली, आई ओरडत राहिली.

मांडीवर लॅपटॉप तसाच ठेवून मी पाटीवरच्या त्या शब्दाकडे बघत होते. फॅन लाव म्हणजे सुरू कर. टीव्ही लाव, दिवा लाव, फोन लाव, सगळं सुरू कर. आम्ही घरातली एकूण एक गोष्ट सुरू करत सुटलो होतो. एकच वस्तू अशी आहे जी लावली की बंद होते.

मी मान वळवून आमच्या दाराकडे बघितलं. खाट बरोबर त्याच्या समोर होती. रस्त्यानं दोन बायका चालल्या होत्या, त्यांनी चालता चालता आत बघितलं, एक दुसरीला काहीतरी म्हणाली. आमच्या पायरीशी पलीकडच्या गल्लीतले एक आजोबा उभे होते, हातात पिशवी, एका पायातली चप्पल निघालेली, दुसरी निघायची होती. पप्पांनी डाव्या हाताने शाल वर ओढली. आधी उजव्या हातावर, मग तोंडाच्या उजव्या कोपऱ्यावर. "लाव," ते म्हणाले.

हे मी रोज बघत होते. शाल वर ओढतात हे मला माहीत होतं. त्यांना थंडी वाजते असं समजून मी फॅन कमी करत होते.

आकडा गंजून घट्ट झाला होता, रात्री आईही तो ठोकूनच काढायची. हातानं निघेना. मी स्वयंपाकघरातून बत्ता आणला आणि ठोकला. आजोबा पायरीवर एका चपलेत उभे राहून बघत होते. त्यांना काहीतरी सांगायला पाहिजे होतं. मी त्यांच्या तोंडावर दार लावलं.

थोड्या वेळाने बाहेर चप्पल घासल्याचा आवाज आला, मग फाटकाचा.

सवयीनं मी दाराच्या मागे बघितलं. तिथे मागच्या वर्षीचं कॅलेंडर होतं आणि केरसुणी पोचत नाही तिथलं जळमट.

खोलीत अंधारून आलं होतं. पप्पांनी शाल खाली केली, स्वतःच. मी दिव्याचं बटण दाबलं आणि मग घाबरून त्यांच्याकडे बघितलं, हे तरी चालेल ना म्हणून. त्यांचे डोळे मिटत होते, मॅडम आल्यावर मिटायचे तसे नाही, झोप आल्यावर मिटतात तसे.

आई हात पुसत बाहेर आली. दार बघून तिचा चेहराच बदलला.

"दिवसाढवळ्या दार कुणी लावलं?"

मी सांगितलं. दार, शाल, लाव. सांगताना ते मलाच जरा खुळ्यासारखं वाटलं. गेमचं मी सांगितलं नाही. आई खाटेच्या कडेवर बसली. लोक काय म्हणतील ते सोड, ती म्हणाली, लोक काय समजतील. घरात आजारी माणूस असताना दिवसाचं दार लावतात ते कधी लावतात, तुला माहीत नाही का.

मला माहीत होतं. तरी मी म्हणाले, उद्या मॅडम येतील तेव्हा लावून बघू. एकदाच.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या, मी दार लावलं. त्या म्हणाल्या, काका, मूठ उघडा. मूठ उघडली नाही. पण हात शालीच्या आत गेला नाही. पप्पांनी तो डाव्या हाताने उचलून मॅडमच्या पुढे ठेवला, बाजारात भाजीची पाटी उतरवून ठेवावी तसा. त्यांच्या तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ आली, आईने पदराने पुसली, आणि ते बघायला तिथे दुसरं कुणी नव्हतं. मॅडम एकेक बोट सरळ करत गेल्या. आई मग मला म्हणाली, "मग आता तूच बाहेर बस. येईल त्याला तूच सांग."

हे मी धरलेलं नव्हतं. त्या गेममध्ये माणसांशी बोलायचं असलं की खाली तीन-चार वाक्यं यायची, त्यातलं एक निवडायचं. लहानपणी मला तो भाग सगळ्यात आवडायचा. आता मी लॅपटॉप घेऊन पायरीवर बसायला लागले आणि तशी वाक्यं तयार ठेवली. पप्पांचा व्यायाम चाललाय. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे. आई आत आहे, निरोप देते. पण माणसं दिलेल्या वाक्यांना धरून बोलत नाहीत. व्यायाम चालला असेल तर बसतो की थोडं, म्हणायची आणि शेजारी बसायची. पगार किती, पुण्यात एकटी राहतीस का, स्थळं बघतायत का. एक काकू दाराला कान लावून आल्या. एकजण म्हणाले, आमच्यापासून काय लपवायचं, आम्ही काय परके. मी म्हणाले, नाही. कशाला नाही म्हणाले ते मला अजून माहीत नाही. केळी मात्र सगळे माझ्यापाशी ठेवून गेले. रोज संध्याकाळी मी आत येताना इतकी दमलेली असायची की चॅटवरच्या चिडलेल्या माणसांशी बोलणं म्हणजे आराम वाटायचा.

मग आई म्हणाली होती तेच झालं. कुणीतरी निमगावला फोन केला की तात्याच्या घराचं दार दिवसाचं लावलेलं आहे आणि पोरगी बाहेर पायरीवर बसली आहे. एवढंच सांगितलं असणार. पुढचं ऐकणाऱ्यानं लावून घेतलं.

मी आत्याचा आवाज गल्लीच्या तोंडापासून ऐकला. एसटीतून उतरून ती तशीच रडत आली होती, डोक्यावरचा पदर घसरलेला, एका हातात मोकळी पिशवी. माझ्या भावा, कसा रं मला न सांगता गेलास. समोरच्या घरांतून बायका बाहेर आल्या. त्यांनाही वाटलं असणार की अखेर झालं. एकीनं रडायला सुरुवातही केली. मी उभी राहिले. आत मॅडम होत्या, व्यायाम चालू होता, दार लावलेलं होतं आणि पप्पांना सगळं ऐकू जातं.

तयार ठेवलेल्यातलं एकही वाक्य इथे चालण्यासारखं नव्हतं. मी पुढे जाऊन तिचे दोन्ही दंड धरले.

"आत्या, रडू नका. पप्पा आहेत."

"आहेत म्हंजी?"

"आत आहेत. व्यायाम चाललाय."

ती माझ्याकडे बघत राहिली. रडणं एकदम थांबत नाही, ते थोडं पुढे चालूच राहिलं. "मग दार का लावलंय?"

"त्यांनीच सांगितलं लावायला."

"त्याला कुठं बोलता येतंय?"

"एवढंच येतं," मी म्हणाले.

आत्या पायरीवर बसली. पदरानं तोंड पुसलं. समोरच्या बायकांकडे बघून तिने हात हलवला, जा घरात, काय न्हाय झालं. मग बराच वेळ ती फोन करणाऱ्याच्या सात पिढ्यांबद्दल बोलत होती. मी शेजारी बसून होते.

"ह्याचं असंच हाय," ती मग म्हणाली, जरा खालच्या आवाजात. "ल्हान हुता तवा ताप आला की गोठ्यात जाऊन निजायचा. गवतात. हाका मारून मारून दमायचो आमी. आन सापडला की वर आमच्यावरच चिडायचा."

मला हे माहीत नव्हतं. मला सगळ्यांना चहाला बोलावणारे पप्पा माहीत होते. त्या गेममध्ये शेवटी घड्याळवाला म्हातारा दीपगृहात सापडतो. कुणी कोंडलेलं नसतं, आपणहून जाऊन बसलेला असतो. मला तो शेवट अजिबात आवडला नव्हता. एवढी मेहनत करून काय, तर हे. पप्पा मात्र पडद्याकडे बघत म्हणाले होते, बसू द्यायचं की मग त्याला, उगा कशाला हुडकला.

रस्त्यानं दोघेजण आमच्या फाटकाशी थांबले. मी उठायला लागले. पण आत्याच उठून उभी राहिली. "न्हाय भेटता यायचं," ती तिथूनच म्हणाली. "माझा भाऊ कामात हाय." ते आले तसे गेले. हे इतकं सोपं वाक्य होतं.

आतून आवाज आला. लाव.

आत्या दचकली, मग माझ्याकडे वळली. "दार तर लावलेलंच हाय. आता काय लावायचं?"

"माहीत नाही," मी म्हणाले. "बघते एकेक."

मी लॅपटॉप बंद करून काखेत मारला. आत्या सरकून दाराच्या मधोमध, माझ्या जागेवर बसली आणि तिने पिशवी मांडीवर घेतली. मी आत गेले आणि दार मागे लावून घेतलं.